१० वॅटच्या लेझर एनग्रेव्हरसाठी धूर ओढणारं टेबल घरीच बनवतोय, डिझाईन बघून सांगा

पाटीवाला (पुणे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १० वॅटचा डायोड लेझर आहे, ओपन फ्रेमवाला, बेड ४०० बाय ४०० एमएम. दारावरच्या नावाच्या पाट्या करतो, जास्त करून सागवान आणि ३-४ एमएमचं प्लाय, मधूनमधून एमडीएफ. आत्तापर्यंत मशीन ड्राय बाल्कनीत साध्या टेबलावर ठेवून खिडकी उघडून काम चालायचं पण आता बाबा आमच्याकडे कायमचे राहायला आलेत आणि त्यांना दमा आहे, त्यामुळे घरात धूर सोडाच, वाससुद्धा यायला नको असं ठरवलंय.

प्लॅन असा आहे. १ इंची स्क्वेअर पाईपची फ्रेम, वर १८ एमएम प्लाय, त्यात मधोमध ४२० बाय ४२० चा चौकोन कापून हनीकॉम्ब (मधाच्या पोळ्यासारखी धातूची जाळी) बसवायचा, त्याखाली पत्र्याचा डबा, डब्याला ४ इंची पाईप, टेबलाखालीच फॅन आणि फॅनमधून पुढे पाईप खिडकीबाहेर. म्हणजे धूर वर यायच्या आत खाली ओढला जाईल. वरून पेटी करायची नाही असं सध्या तरी आहे कारण काम चालू असताना हात घालायला बरं पडतं.

फॅन कुठला घेऊ, डबा किती खोल करू आणि पेटी लागेलच का, हे सांगा. बजेट ताणायची तयारी आहे, बाबांचा प्रश्न आहे.

करवत (कोल्हापूर)

फ्रेमपुरतं बोलतो दादा, आपलं फॅब्रिकेशनचंच काम हाय. १ इंची पाईप चालंल पण २ एमएम जाडीचा घ्या, पातळ पाईपला वेल्डिंग करताना भोकं पडत्यात आणि टेबल डुलतंय. मागच्या बाजूला आणि दोन्ही कडंला तिरकी पट्टी मारून घ्या. लेझरचं डोकं फास्टमध्ये हिकडंतिकडं पळतंय तेव्हा टेबल जरा जरी हललं तरी अक्षराच्या कडंला दुसरी फिकट रेघ येती, मग लोक सॉफ्टवेअरमधी चूक शोधत बसत्यात. पायाला लेव्हलिंग बोल्ट लावा, ड्राय बाल्कनीला उतार असतोच पाणी जायला.

आणि एक, फॅन फ्रेमला नटबोल्टनं आवळू नका. फॅनची थरथर सगळी मशीनमधी येती. भिंतीवर न्हाईतर खिडकीपाशी लावा, मधी रबर घाला.

मोगरी (ठाणे)

मी कानातली करते, एमडीएफ आणि अॅक्रिलिकची. पाटीवाला, पेटी नको म्हणताय पण धुराआधी डोळ्यांचा विचार करा. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर म्हणजे क्लास ४, सगळ्यात धोकादायक वर्ग, तुमचा त्याच्या २० पट आहे. क्लास ४ मध्ये सरळ किरणच नाही तर खडबडीत लाकडावरून विखुरलेला उजेडसुद्धा जवळून बघितला तर डोळ्याला धोका असतो. बाबा सहज चहा घेऊन बाल्कनीत आले तर त्यांच्या डोळ्यांवर लेझरचा चष्मा कुठे असणार?

पेटीला आत बघायची खिडकी करायची तर नारिंगी अॅक्रिलिक, तेही लेझरसाठी म्हणून विकलं जातं ते, ज्यावर ४५० नॅनोमीटर आणि ओडी (किरण किती अडवतो तो) आकडा लिहिलेला असतो. डायोडचा निळा किरण साध्या पारदर्शक अॅक्रिलिकमधून आणि काचेतून आरपार जातो. सीओ२ लेझरवाले पारदर्शक झाकण वापरतात ते बघून आपण करायचं नाही, त्यांचा किरण १०.६ मायक्रॉनचा, तो अॅक्रिलिकमध्ये अडतो. आपला नाही अडत.

शिकाऊ

माझा अगदी प्राथमिक प्रश्न. किचनचा ६ इंची एक्झॉस्ट फॅन आहे जुना, तो डब्याला लावला तर नाही का चालणार? त्यावर लिहिलेला आकडा तर महागड्या पाईपवाल्या फॅनएवढाच आहे.

प्रवाह

शिकाऊ, तुमचं उत्तर खाली येतंय. कारखान्यांमधली एक्झॉस्ट आणि डस्ट कलेक्शनची कामं करतो म्हणून सविस्तर लिहितो.

पाटीवाला, सगळ्यात आधी फॅनची जागा बदला. फॅन टेबलाखाली नको, पाईपाच्या बाहेरच्या टोकाला हवा. फॅनच्या आधीचा पाईप हवा ओढत असतो, तिथे एखादा जॉइंट ढिला राहिला तर खोलीतली हवा पाईपात शिरते, यापलीकडे काही होत नाही. फॅनच्या पुढचा पाईप दाबाखाली असतो, तिथे सुईएवढी फट असली तरी धूर खोलीत. टेबलाखाली फॅन ठेवलात तर घरातला जवळजवळ सगळा पाईप दाबाखाली येतो. घरात जेवढा पाईप दिसतो तेवढा सगळा ओढीचाच असला पाहिजे. दमेकरी माणूस घरात असताना मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देईन, फॅनच्या ब्रँडपेक्षाही.

आता खालून ओढण्याबद्दल. कापताना लाकूड आरपार चिरलं जातं, वरून एअर असिस्टची फुंकर असते, त्यामुळे धूर चिरेतून खाली जातो आणि तुमचा डबा तो पकडतो. पण तुमचं मुख्य काम कोरायचं आहे. कोरताना आरपार काही नसतं, धूर गरम असतो, तो वर उठतो, आणि हनीकॉम्बवर तुमची पाटीच झाकण होऊन बसलेली असते. खालून कितीही ओढा, वरच्या धुरापर्यंत ती ओढ पोचत नाही. उलट पाटीच्या कडांवरून हवा खाली वळते आणि जाता जाता धुराचा पिवळट डाग लाकडावर ठेवून जाते.

हिशोब बघा. उघड्या बेडवर धूर पकडायचा तर तोंडाशी हवेचा वेग साधारण अर्धा मीटर सेकंदाला लागतो. ४०० बाय ४०० म्हणजे ०.१६ चौरस मीटर, गुणिले ०.५, म्हणजे ०.०८ घनमीटर सेकंदाला, तासाला २८८ घनमीटर, १७० सीएफएम (मिनिटाला घनफूट). हे प्रत्यक्ष वाहणारे १७० हवेत, खोक्यावर छापलेले नाहीत. ४ इंची इनलाइन (पाईपाच्या मधेच बसणाऱ्या) फॅनवर १०० ते २०० असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो आकडा पाईप न लावता मोकळ्या हवेतला असतो. पुढे दोन-तीन मीटर घडीचा अॅल्युमिनियम पाईप आणि दोन बेंड आले की त्यातलं निम्मं हातात उरलं तरी चांगलं समजायचं.

आता तेच मशीन पेटीत घाला. पेटी ७०० बाय ७०० बाय ४०० धरली तर आतली हवा जेमतेम ०.२ घनमीटर. पेटीला हवा आत यायला फक्त ४०० बाय ४० एमएमची एक फट ठेवलीत, म्हणजे १६० चौरस सेंटीमीटर, तर तिथे अर्धा मीटरचा वेग राखायला तासाला २९ घनमीटर पुरतात. एक साधा ४ इंची फॅन सगळे अडथळे पार करून तासाला १४०-१५० देत असेल तर त्या फटीत अडीच मीटरचा वेग मिळतो आणि पेटीतली हवा मिनिटाला बारा वेळा बदलते. धूर बाहेर यायचा प्रश्नच राहत नाही. तोच फॅन, तोच पाईप, फरक फक्त पेटीचा. म्हणून फॅनवर पैसे घालायच्या आधी पेटीवर घाला.

शिकाऊ, किचनचा एक्झॉस्ट फॅन पंख्याच्या पात्यांचा असतो, भिंतीतल्या भोकात मोकळ्या हवेत तो भरपूर हवा फेकतो पण पुढे पाईप, बेंड, जाळी असा विरोध आला की पाती जागच्या जागी हवा घुसळत बसतात. कॉम्प्युटरच्या फॅनचंही तेच. पाईपातून ओढायचं तर इनलाइन मिक्स्ड फ्लो किंवा गोगलगाईच्या आकाराचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर.

पाटीवाला (पुणे)

प्रवाह, खूप खूप आभार, एवढ्या मायेनं कोणी हिशोब मांडून दाखवेल असं वाटलं नव्हतं. पेटी करतोय, नक्की. फॅन ड्राय बाल्कनीच्या खिडकीत, एक काच काढून तिथे प्लायची फळी बसवून त्यात. पण मग खालचा डबा रद्द करू का? कापायचं काम पण असतं, अक्षरं कापून चिकटवायची ऑर्डर बऱ्यापैकी येते.

प्रवाह

रद्द नको, दोन्ही ठेवा. पेटीच्या मागच्या भिंतीत वरच्या बाजूला एक आडवी फट आणि खाली डबा, दोन्हीकडून पाईप वाय जॉइंटमध्ये आणि प्रत्येक फांदीला एक डॅम्पर. डॅम्पर म्हणजे पाईपात फिरणारी गोल पत्र्याची चकती, बाहेर खिट्टी, एवढंच. कोरताना खालचा बंद, मागचा उघडा. कापताना खालचा पूर्ण, मागचा थोडासा उघडा. दोन्ही पूर्ण उघडे ठेवून काम करू नका, ओढ वाटली जाते आणि दोन्हीकडे कमी पडते.

हवा आत यायची फट समोरच्या बाजूला खाली, म्हणजे हवा पुढून मागे पाटीवरून वाहील. त्या फटीतून किरण बाहेर यायला नको म्हणून आतून एक एल आकाराची पट्टी लावा, काळ्या मॅट रंगाची, हवा वळून येईल पण सरळ रेषेत काही दिसणार नाही. फट पाईपाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट हवी. ४ इंची पाईप ८१ चौरस सेंटीमीटर, म्हणून वर १६० म्हटलं.

डबा १०० एमएम खोल करा. एका कोपऱ्यातून पाईप काढलात तर हवा त्याच कोपऱ्यातून जास्त ओढली जाते आणि लांबचा कोपरा कोरडा राहतो. हनीकॉम्बच्या खाली एक पत्रा टाका, पाईपाच्या जवळ बारीक चिरा आणि लांब रुंद चिरा अशा पाडून. आणि जो भाग कामात नाही तो हनीकॉम्बचा भाग वरून पत्र्याच्या तुकड्यांनी झाकायचा, ओढ कामाच्या ठिकाणी येते.

करवत (कोल्हापूर)

मधीच बोलतो. त्या चिरांच्या पत्र्यावर किरण सरळ पडणार की हो. जीआय पत्रा चकचकीत असतोय, तिथनं परत वर उसळून पाटीच्या मागच्या बाजूला ठिपके पडत्यात. आम्ही गावात एका पोराला टेबल करून दिलं त्यात तळाला कडप्पा टाकला. किचन ओट्याचं काम करणाऱ्याकडं तुकडं पडून असत्यात, पॉलिश नसलेली बाजू वर करायची. काळा, खरखरीत, जळत न्हाई, आणि ४५० बाय ४५० चा २० एमएम जाडीचा तुकडा ११ किलोच्या आसपास भरतोय, टेबलाला वजन पण येतंय. चिरांचा पत्रा करायचा तर काळा हीटप्रूफ रंग मारा.

मोगरी (ठाणे)

कडप्पाची आयडिया फारच आवडली, करून बघणार. फक्त वेल्डिंग करताना त्या वजनाचा हिशोब धरा, डब्याखाली दोन आडव्या पट्ट्या लागतील.

अजून एक. खालचा डबा म्हणजे कापलेले तुकडे पडायची जागा, आणि तुकडे कधीकधी धुमसत पडतात. वर डांबरासारखा चिकट थर साचतो, तो पेट घेतो. म्हणून डब्याचा तळ ड्रॉवरसारखा सरकवून काढता आला पाहिजे आणि दिवसाचं काम संपलं की रिकामा करायचाच. पाईपाच्या तोंडाशी आतून लोखंडी जाळी, नाहीतर जळका तुकडा सरळ पाईपातून फॅनपर्यंत जातो.

पाटीवाला (पुणे)

पाईप कुठला घेऊ? इथे प्लंबरकडे ११० एमएमचा पांढरा पीव्हीसी पाईप सहज मिळतो, आतून गुळगुळीत आहे.

प्रवाह

गुळगुळीत पाईप चांगलाच, घडीच्या पाईपापेक्षा विरोध पुष्कळ कमी. पण डब्यापासून पहिला मीटरभर तरी जीआय किंवा अॅल्युमिनियमचा ठेवा, पुढे पीव्हीसी. घडीचा अॅल्युमिनियम पाईप वापरायचा तर तो पूर्ण ताणून लावा, अर्धवट ढिला सोडला की आतल्या घड्या हवा अडवतात. ९० अंशाचा एक एल्बो लावण्यापेक्षा ४५ चे दोन लावा. जॉइंटला साधी चिकटपट्टी नको, अॅल्युमिनियम टेप, आणि फळीला सिलिकॉन.

सगळं झालं की अगरबत्ती पेटवून फॅन चालू करा आणि झाकणाच्या कडेनं, प्रत्येक जॉइंटपाशी, समोरच्या फटीपाशी हळूहळू फिरवा. धूर सगळीकडे आत वळला पाहिजे. जिथे नुसता सरळ वर जातो तिथे ओढ नाही. फॅनच्या पुढच्या तुकड्यापाशी उलटं, तिथे धूर ढकलला जात असेल तर फट आहे, बुजवा.

विदर्भी (नागपूर)

भाऊ, एसीच्या खोलीत मशीन असंल त त्याचं काय? इकडे मे महिन्यात ४५ च्या वर जाते, खिडकी उघडून काम करायचं म्हटलं त माणूस बी तापते न डायोड बी. दारं-खिडक्या बंद, एसी चालू न एक्झॉस्ट फॅन चालू, असं मी करून राहिलो. काही चुकते का?

प्रवाह

विदर्भी, बाहेर जितकी हवा फेकली तितकी आत आलीच पाहिजे. खोली घट्ट बंद असेल तर फॅन नुसता गुरगुरतो आणि पेटीतली ओढ मरते. दार दोन बोटं उघडं ठेवा, दुसऱ्या खोलीतून हवा येऊ द्या. एसीची थंड हवा बाहेर जाणार हे खरं आहे, पण तासाला दीडशे घनमीटर म्हणजे १० बाय १२ च्या खोलीतली हवा साधारण चार-पाच वेळा बदलली, त्यामुळे कामापुरताच फॅन चालवा. फक्त काम संपल्यावर पाच-दहा मिनिटं चालू राहिलाच पाहिजे, कापलेल्या लाकडातून तेवढा वेळ धूर आणि वास येत राहतो. लगेच झाकण उघडलं की सगळं नाकात.

जर्सीकर (न्यू जर्सी)

हवा कुठून येते याबद्दल एक महत्त्वाचं सांगतो. आमच्याकडे घर थंडीत पूर्ण बंद असतं आणि बेसमेंटमध्ये गॅसवर चालणारा वॉटर हीटर असतो. एक्झॉस्ट फॅन जोरात चालवला आणि हवा यायला वाट नसली तर हवा त्या हीटरच्या धुराड्यातून उलटी आत येते, सोबत कार्बन मोनॉक्साइड घेऊन. त्याला वास नसतो, रंग नसतो. मी लेझरजवळची खिडकी थोडी उघडी ठेवतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय. इथे बरेच जण कपड्यांच्या ड्रायरच्या पाईपात लेझरचा पाईप जोडायचा म्हणतात, ते अजिबात करू नये, तिथे कापसाचा लिंट साचलेला असतो.

मोगरी (ठाणे)

जर्सीकर, हे आपल्याकडे पण तितकंच लागू आहे. कितीतरी फ्लॅटमध्ये बाथरूमला गॅस गीझर असतात. लेझरचा फॅन चालू असताना कोणी अंघोळीला जात असेल तर हे लक्षात ठेवा.

आणि त्यावरून आठवलं, पाईपाचं टोक बिल्डिंगच्या डक्टमध्ये काढू नका, जिथे सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तो धूर वर न जाता तिथेच घुटमळतो आणि शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. बाहेर मोकळ्या बाजूलाच काढा, वरच्यांचे कपडे वाळत नाहीत अशा दिशेला.

शिकाऊ

आमच्याकडे मोकळी बाजूच नाही, तिन्ही बाजूंना बिल्डिंग. मग फिल्टर लावून हवा परत खोलीत सोडली तर? हेपा (बारीक कण गाळणारा फिल्टर) आणि कार्बन लावलेले डबे मिळतात तयार.

प्रवाह

मनापासून सांगायचं तर घरात माणसं राहत असताना मी ते करणार नाही. हेपा कण पकडतो, वायू नाही. कार्बन बरेचसे वास पकडतो पण एमडीएफच्या गोंदातून येणारा फॉर्मल्डिहाइड साध्या कार्बनमध्ये नीट अडत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड तर दोन्हीतून सरळ निघून जातो. वर कार्बन भरला, संपला, हे डोळ्याला दिसत नाही. फॉर्मल्डिहाइडनं कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे.

शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून बाहेर सोडायच्या आधी फिल्टर लावणं मात्र चांगलं. पुढे जाड कापडी प्री-फिल्टर ठेवाच, नाहीतर प्लायच्या धुरातला चिकटपणा महागड्या हेपाला पटकन बुजवतो. फिल्टर बुजला की नाही ते कळायला गवंड्याचा लेव्हल पाईप वापरा. पारदर्शक नळीत रंगीत पाणी, यू आकारात, एक टोक फिल्टरच्या आधी आणि एक नंतर. पाण्यात १० एमएम फरक म्हणजे ९८ पास्कल. नवा फिल्टर असताना फरक किती आहे तिथे खूण करायची, तो दुप्पट झाला की बदलायचा.

शिकाऊ, तुमच्याकडे गच्ची असेल तर सोसायटीशी बोलून तिथे काम करता येईल का बघा. सावलीत, पेटीसकट.

पाटीवाला (पुणे)

अपडेट. फ्रेम झाली, २ एमएमचाच पाईप घेतला. सामान बोहरी आळीतून आणि प्लाय टिंबर मार्केटमधून. तळाला कडप्पा बसवलाय आणि टेबल आता इतकं स्थिर आहे की वर ग्लासभर पाणी ठेवून मशीन फुल स्पीडला चालवलं तर पाणी हलताना दिसत नाही. पेटी १२ एमएम प्लायची, आतून जीआय पत्रा, काळा मॅट रंग. आधी दुकानदार एसीपी शीट घ्या म्हणत होता, हलकी आणि दिसायला छान, पण तिच्या दोन पत्र्यांच्या मधे प्लास्टिकचा थर असतो आणि तो पेटतो म्हणून घेतली नाही. झाकणाला फ्रिजच्या दाराला असतं तसं रबर लावलंय. झाकणाला मायक्रोस्विच आहे, झाकण उचललं की रिलेतून लेझरच्या अॅडॅप्टरची डीसी बाजू तुटते. २३० व्होल्टची वायर झाकणापाशी नेलेली नाही.

फॅन चालू करून अगरबत्ती फिरवली. वाय जॉइंटपाशी ओढ होती, झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात नव्हती, रबर तिथे दबत नव्हतं, बिजागरी सरकवून घेतली. हवेचा आकडा काढायला बाहेरच्या टोकाला मोठी कचऱ्याची पिशवी धरली. पिशवी २०० लिटरची, साधारण पाच सेकंदात भरली. म्हणजे तासाला १४४ घनमीटर ना प्रवाह? ८५ सीएफएम. फॅनच्या खोक्यावर यापेक्षा बराच मोठा आकडा आहे.

आणि मुख्य म्हणजे काल सागवानाची मोठी पाटी कोरली, बाबा बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांना विचारलं, वास येतोय का? म्हणाले, मशीन चालू झालं पण का? मला फार बरं वाटलं.

प्रवाह

१४४ बरोबर आहे, आणि तुमच्या पेटीला भरपूर आहे. फॅनची पाती महिन्यातून एकदा तरी बघा, त्यावर चिकट थर बसला की तोल जातो आणि आवाज वाढतो. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका, ते पेट घेतं.

बाहेरच्या टोकाला खाली तोंड केलेला एल्बो लावा, पुण्याच्या पावसात पाणी सरळ फॅनच्या मोटरमध्ये जाईल नाहीतर. कबुतरांसाठी जाळी अर्ध्या इंचाची, मच्छरदाणीची जाळी नको, ती धुरानं लगेच बुजते. एल्बो बसवल्यावर पिशवी पुन्हा भरून बघा.

मोगरी (ठाणे)

आगीचं काय केलंत? पेटीत आग लागली तर झाकण उघडायचं नाही, उघडलं की ताजी हवा मिळते. लेझर, एअर असिस्ट, फॅन, सगळं एका लाल मशरूम बटणावर हवं, आणि ते बटण पेटीवर नाही, दाराजवळ. विझवायला सीओ२ चा छोटा सिलिंडर ठेवा. एबीसी पावडरनं आग विझते पण ती पावडर रेल, मोटर, लेन्स सगळीकडे जाऊन बसते. आणि मशीन चालू असताना खोली सोडून जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. एवढी छान पेटी झाली की माणूस निर्धास्त होतो, म्हणून मुद्दाम सांगतेय.

पाटीवाला (पुणे)

बटण आणि सिलिंडर दोन्ही या आठवड्यात बसवतो ताई. अजून एक विचारायचं होतं. गिऱ्हाईक सनबोर्डवर नाव कापून मागतंय. आता एवढी ओढ आहे तर करू का?

मोगरी (ठाणे)

नाही, नाही, नाही. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी फोम. पीव्हीसी जाळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, पाण्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक अॅसिड होतं. फुप्फुसाला वाईट आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, लेन्स सगळं खातं. दमट हवेत तर फारच लवकर. कितीही फॅन लावा, पेटीच्या आतलं मशीन तर त्या वायूतच असतं, आणि बाहेर तो कोणाच्या तरी खिडकीशी जाणारच.

आपल्याकडे पाटीवाल्यांकडे येणाऱ्या बऱ्याच गोष्टी पीव्हीसीच्या असतात. सनबोर्ड, फ्लेक्स, विनाइल स्टिकर, रेक्झिन, आणि बाजारात मिळणारे बरेचसे डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचे) बोर्ड. दिसायला लाकूड, आतून पीव्हीसी. शंका असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, लेझरखाली घालायचं नाही. हे खिडकीत किंवा बाहेर उभं राहून करा. एबीएस पण नको, त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो.

करवत (कोल्हापूर)

आणि प्लाय घेताना बघून घ्या. मरीन म्हणून जे मिळतंय, ७१० चा शिक्का असतोय, त्याला फिनॉलचा काळपट गोंद. तो लेझरला कापता कापत न्हाई, नुसता जळतोय आणि धूर दुप्पट. एमआर ग्रेड, ३०३ चा शिक्का, ते बरं कापतंय.

साताऱ्याचा

सगळा धागा सलग वाचला, आता माझंही करायला घेतोय. माझा बेड ६०० बाय ४०० आहे. हीच मापं चालतील की बदलावी लागतील?

प्रवाह

साताऱ्याचा, पेटी ९०० बाय ७०० बाय ४०० धरा, आतली हवा पाव घनमीटर होते. ८५ सीएफएमवर मिनिटाला साडेनऊ वेळा बदलेल, कोरायला पुरे. समोरची फट तीच ठेवा, ४०० बाय ४०, मधोमध नको तर दोन भागात, दोन्ही टोकांकडे, म्हणजे कोपरे साचणार नाहीत. मागची फट मात्र पूर्ण ६०० लांब करा आणि १५ एमएम रुंद. खालच्या डब्याला दोन्ही बाजूंनी ४ इंची पाईप काढून टेबलाखाली एकत्र आणा, आणि तिथून पुढे शक्य असेल तर ६ इंची. पेटी करायची नसेल आणि उघड्या बेडवरच ओढायचं असेल तर प्रत्यक्ष २५० सीएफएम लागतील, ४ इंची पाईपातून ते जमणार नाही. फॅन घ्यायच्या आधी बेडपासून खिडकीपर्यंत पाईप किती मीटर आणि बेंड किती ते मोजून इथे टाका, मग फॅनचं सांगतो.